सेवा करणाऱ्या मातेची सेवा

जीवाला होणाऱ्या दुःखाचा विचार सर्वच दर्शनांनी आपापल्या परीने केला आहे. परंतु दुःखिताच्या उशाशी अहोरात्र बसणाऱ्याच्या दुःखाचा विचार क्वचितच केलेला आढळतो. रोग्याची विचारपूस करावयास सारे गाव येते. रोग्याचे करणाऱ्याला 'तुझे कसे चालले आहे' असे विचारणारा विरळाच. शरीराने अपंग असलेल्या, ज्यांना आज दिव्यांग म्हटले जाते त्या बालकांच्या मातांचा प्रश्न याच स्वरूपाचा आहे. अशा बालकांच्या उपचाराविषयी, शिक्षणाविषयी व अनुदानाविषयी अलीकडे बरेच बोलले जाते, आणि ते योग्यच होय. मातेविषयी मात्र एवढेच बोलले जाते की, ती धन्य आहे. हे धन्यत्व तिच्या कितपत उपयोगी पडते, आणि ते उच्चारून झाल्यावर इतरांचे कर्तव्य संपते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्याचे सोनई हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. मुळा धरणाच्या पाण्याने या भागाचे रूप पालटले. ऊस आला, सहकारी साखर कारखाना आला, शाळा-महाविद्यालये आली. परंतु हातापायांत बळ नसलेले मूल ज्या घरात वाढत असते, त्या घरातील मातेच्या दिवसाचे रूप फारसे पालटत नाही. रात्रीतून दोन-तीन वेळा उठून मुलाची कूस बदलावी लागते. ज्याला नीट गिळता येत नाही अशा मुलाला वाटीभर मऊ भात भरविण्यास तास लागतो. मलमूत्र, अंघोळ, आखडलेले हातपाय मोकळे करण्याचे व्यायाम, आणि या सर्वांच्या मध्ये घरच्या इतर माणसांचा स्वयंपाक, धुणे, गुरांचे शेण. तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे तर मुलाला खांद्यावर घेऊन एस. टी. पकडावी लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. मूल दोन वर्षांचे असता कडेवर बसते. ते बारा वर्षांचे झाले म्हणजे त्याचे वजन पंचवीस-तीस किलो भरते, पण कड तीच असते. इतर मातांचा भार वर्षागणिक उतरत जातो. हिचा भार वाढतो आणि बळ घटते.

याच परिसरात दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांच्या गळितासाठी पाथर्डीकडून आणि बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीची कुटुंबे उतरतात. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो व त्या हिशेबाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. अशा कुटुंबात अपंग मूल असेल तर मातेपुढे दोनच वाटा उरतात. ती कोपीत मुलाजवळ थांबली तर कोयता अर्धा होतो व उचल फिटत नाही. ती फडात गेली तर मूल थोरल्या बहिणीच्या हवाली होते व त्या बहिणीची शाळा सुटते. कोणतीही वाट धरली तरी दोष मात्र मातेच्याच मनाला लागतो. अशा स्थितीत तिला 'त्यागमूर्ती' म्हणणे सोपे आहे, कारण त्यास काही खर्च येत नाही.

येथे पहिली शंका अशी घेतली जाते की, कर्माचा सिद्धान्त मान्य केल्यावर जीवाने आपले कर्म भोगूनच संपवावयाचे असते. माता व बालक ही दोघेही आपापले भोग भोगीत आहेत, त्यात इतरांनी काय करावे?

या शंकेचे समाधान सावधपणे केले पाहिजे, कारण हीच शंका पुढे आरोपाचे रूप घेते. सोनईच्या अगदी जवळ शनिशिंगणापूर आहे. ग्रहपीडा व साडेसाती या कल्पनांचा पगडा या भागात सर्वत्र आहे. मूल पांगळे निपजले की 'हिच्या पत्रिकेतच दोष', 'हिने ग्रहणात विळी हाती धरली असेल', 'हिच्या पायगुणाने' अशी वाक्ये मातेच्या कानी पडू लागतात. क्वचित सासर ते बोलून दाखविते, क्वचित माहेरही मौनाने तेच सुचविते. कोणाच्या श्रद्धेचा उपहास करणे हा येथील हेतू नाही. परंतु ज्या समाजात २०१६ च्या गुढीपाडव्यापर्यंत तेथील चौथऱ्यावर स्त्रीने पाऊल ठेवू नये अशी प्रथा होती, त्याच समाजात दोषाचे खापर फोडावयास मात्र प्रथम स्त्रीचेच मस्तक सापडते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कर्मविचाराने या आरोपास आधार मिळतो काय? मुळीच नाही. ज्याचे कर्म त्यालाच त्याचे फळ, हा नियम धरला तर बालकाच्या देहाचे दुःख मातेच्या दोषाचे फळ ठरूच शकत नाही. दुसरे असे की, कोणत्या जीवाच्या कोणत्या कर्माला कोणते फळ आले हे जाणणे अल्पज्ञाच्या आटोक्यातील नव्हे. ते सर्वज्ञाचे ज्ञान होय. शेजारणीच्या मुलाकडे बोट दाखवून 'हे अमुक पापाचे फळ' असे सांगणारा मनुष्य जे ज्ञान आपल्या ठायी नाही त्याचा अधिकार सांगत असतो. तिसरे असे की, हिंसा केवळ देहाची नसते. वाचेने होणारी हिंसाही हिंसाच होय. पाण्यातील जीव दुखावू नये म्हणून पाणी गाळून पिणाऱ्याने रात्रभर जागलेल्या मातेच्या मनावर असा शब्द टाकावा, हे अहिंसाधर्मास शोभत नाही. आणि चौथे असे की, कर्माचा सिद्धान्त जे घडले त्याविषयी सांगतो. समोरच्या दुःखितापुढे काय करावे, हे ठरविण्यासाठी दयाधर्म आहे. भुकेला मनुष्य आपले कर्म भोगीत आहे म्हणून कोणी अन्न आखडून घेत नाही. मग थकलेल्या मातेपुरताच हा न्याय का बदलावा?

मातेच्या देहाला दोष चिकटविण्याची ही सवय जुनी आहे आणि तिचे निराकरणही जुने आहे. तेराव्या शतकात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी स्त्रीचा ऋतुधर्म हा शरीराच्या इतर धर्मांसारखाच एक धर्म होय, त्याचा विटाळ मानण्याचे कारण नाही, असे निरूपण केले. स्त्रीचे शरीर स्वभावतः दूषित आहे ही कल्पनाच त्यांनी नाकारली. ते निरूपण प्रमाण मानणाऱ्यांनी अपंग बालकाच्या मातेच्या उदरात दोष शोधणे हे त्या निरूपणाचे विस्मरणच होय.

वैद्यकशास्त्रानेही या बाबतीत बरेच स्पष्ट केले आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या वाढत्या अवस्थेत झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे, ही बालवयातील अपंगत्वाच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भावस्थेतील संसर्ग, जन्मतेवेळी प्राणवायू कमी पडणे, नवजात बालकाची तीव्र कावीळ ही तिची काही कारणे होत, आणि कित्येकदा कारण सापडतही नाही. पाठीच्या कण्याचे आवरण गर्भात नीट न मिटणे हा दुसरा विकार. ही घडण गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच होते. म्हणजे बहुतेक स्त्रियांना दिवस गेल्याचे निश्चित कळण्यापूर्वीच. फॉलिक ॲसिडच्या गोळीने हा धोका पुष्कळ कमी होतो, पण ती गोळी आधीपासून मिळावी लागते. ती न मिळणे हा पुरवठ्याचा व प्रसाराचा दोष आहे, मातेचा नव्हे. पोलिओचे उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे. एके काळी गावोगाव पोलिओने पाय लुळे पडलेली मुले दिसत, आणि त्यांच्या मातांनाही हेच बोल ऐकावे लागत. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ मोहीम चालली, २०११ च्या जानेवारीनंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळला नाही, आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. लसीच्या दोन थेंबांनी जो भोग टळला, तो मातांच्या पापाचा भोग होता असे आता कोण म्हणेल?

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. मातेचे प्रेम स्वाभाविक असते. तिला अपत्याचा भार वाटतच नाही. तिच्या सेवेला भार म्हणणे हाच तिच्या मातृत्वाचा उणेपणा होय, असे पुष्कळ सज्जन मनापासून म्हणतात.

याचे समाधान असे की, प्रेम थकत नसेल, पण कंबर थकते. कॅनडातील ओंटारियो प्रांतात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचा सांभाळ करणाऱ्या ४६८ पालकांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००४-०५ मध्ये प्रसिद्ध झाले. या पालकांत, आणि त्यांत बहुसंख्य माताच होत्या, पाठीचे दुखणे, अर्धशिशी व मनाची उद्विग्नता इतरांहून अधिक आढळली. कुटुंबाची घडी जेथे नीट होती तेथे त्यांचे आरोग्यही बरे होते. २००४ मध्येच अमेरिकेत एलिसा एपल व एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या चमूने दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांच्या माता व निरोगी मुलांच्या माता अशा ५८ स्त्रियांच्या रक्तातील पेशी तपासल्या. ज्यांना ताण सर्वांत अधिक जाणवत होता त्यांच्या पेशींची झीज, कमीत कमी ताण असलेल्या स्त्रियांच्या मानाने, सुमारे दहा वर्षांनी पुढे गेलेली दिसली. हे परदेशातील आकडे खरे; परंतु जेथे चाकांची खुर्ची आहे, घरापर्यंत गाडी येते, तेथील मातेची जर ही अवस्था, तर कोपीतल्या मातेविषयी वेगळे सांगावयास नको.

यात आणखीही एक गोष्ट आहे. 'तुला भार वाटत नाही' असे मातेला सारखे ऐकविले म्हणजे आपला थकवा बोलण्याची वाटच बंद होते. थकले असे म्हटले तर प्रेमच उणे ठरेल या भयाने ती गप्प राहते. म्हणजे ज्या शब्दांनी तिचा गौरव होतो त्याच शब्दांनी तिचे तोंड बांधले जाते. स्तुतीचा हा परिणाम स्तुती करणाऱ्याच्या मनात नसतो, पण तो घडतो, आणि सर्वांच्या सोयीचा असल्यामुळे कोणी तो तपासून पाहत नाही.

मग योग्य न्याय कोणता? तो शोधण्यासाठी दूर जावयास नको. प्रत्येक मराठी घरात तो पाळला जात आला आहे. बाळंतिणीच्या सव्वा महिन्याचा हा न्याय होय. बाळ जन्मले की बाळाला आईशिवाय दुसरे कोणी पाजू शकत नाही. म्हणून घर काय करते? ते आईला उठू देत नाही. तिला माहेरी आणतात, शेक-शेगडी देतात, डिंकाचे व अळिवाचे लाडू करतात, तिच्या ताटातले ऊन ऊन तिलाच मिळेल असे पाहतात. यात तत्त्व असे की, आईने बाळाचे करावयाचे असेल तर आईचे कोणीतरी केले पाहिजे. अमेरिकेतील तत्त्वचिंतक एवा किटे यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेमका बाळंतिणीच्या शुश्रूषेचाच आधार घेऊन असे प्रतिपादन केले की, दुबळ्याची काळजी घेणाऱ्याची काळजी समाजाने घेणे हे न्यायाचे अंग आहे. किटे स्वतः गंभीर अपंगत्व असलेल्या कन्येची माता आहेत. येथील आज्या-पणज्यांनी जे आचरणात ठेवले तेच एका माता-तत्त्वज्ञाने सिद्धान्तात मांडले.

हाच न्याय परमार्थमार्गातही आहे. साधू भिक्षान्न ग्रहण करतो. ज्याने आपला काळ स्मरणाला वाहिला त्याच्या देहाची चिंता वासनिकांनी वाहावी, ही त्यामागील व्यवस्था होय. भिक्षा घालणारा साधूवर उपकार करीत नाही. तो आपला वाटा उचलतो. मग ज्या स्त्रीचा सर्व काळ एका असहाय जीवाच्या रक्षणाला वाहिला गेला आहे, तिच्या देहाची चिंता कोणी वाहावी, हा प्रश्न या मार्गातील मनुष्यास तरी परका वाटू नये.

भेद इतकाच की, अपंग बालकाच्या मातेचा सव्वा महिना संपत नाही. बालकाचे असहायपण दहा, वीस, चाळीस वर्षे राहते. परंतु आईला मिळणारी शुश्रूषा सव्वा महिन्यानंतर थांबते. अन्याय आहे तो येथे.

तिसरी शंका व्यावहारिक आहे. प्रत्येकास आपला संसार आहे, प्रत्येकास आपली शेती आहे. मातेची ही सेवा करावी कोणी?

पहिला वाटा पित्याचा होय. मूल दोघांचे असता रात्रीचे जागरण एकीचेच का, याचे उत्तर कोणत्याही शास्त्रात मिळत नाही. त्यानंतर कुटुंबाचा. जाऊबाईने आठवड्यातील एक दुपार मुलाजवळ बसावे, दिराने तपासणीच्या दिवशी मुलाला उचलून गाडीपर्यंत न्यावे, एवढ्यानेही एका जीवाला उसंत मिळते. मातेला भाषणाहून अधिक गरज चार तासांच्या झोपेची असते. तिसरा वाटा ज्ञान देणाऱ्यांचा. आचार्य श्रीनागदेवांचा प्रसंग सर्वश्रुत आहे. ग्रंथ संस्कृतात करण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी ती मान्य केली नाही, कारण संस्कृत न जाणणाऱ्या आपल्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील. ज्ञान कोणत्या भाषेत सांगावे हे त्यांनी सर्वांत दुर्लक्षित श्रोत्यावरून ठरविले. आज अपंग मुलाची माता रुग्णालयातून बाहेर पडते तेव्हा तिच्या हाती इंग्रजी शब्दांनी भरलेला कागद असतो, आणि मुलाचा पाय कसा धरावा, कसा वाकवावा, स्वतःची पाठ न दुखविता त्याला कसे उचलावे, हे तिला कोणी सावकाश समजावून सांगितलेले नसते. याच जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी कार्य आरंभिले व गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्याचे ज्ञान त्यांच्या बोलीत दिले. त्या स्त्रियांनी ते गावात पोहोचविले. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्ञान बोलीत उतरले की ते निरक्षर मातेच्या हातीही चालते, हे या जिल्ह्यानेच जगास दाखविले आहे.

मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी संस्था स्थापन केली. त्यांची कन्या मालिनी चिब हिलाही हाच विकार होता. ती पुढे उच्चविद्याविभूषित झाली व २०१० मध्ये तिचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. या उदाहरणाचा अर्थ 'प्रत्येक मातेने असेच करावे' असा काढला तर तो मातेवर नवा भार होईल. खरा अर्थ असा की, ती माता शिक्षक, वैद्य व इतर पालक यांची साथ जोडू शकली, म्हणून तिचे मूल व ती स्वतः दोघेही तरली. सोनईच्या मातेला तशी साथ आयती मिळावयास हवी.

चौथा वाटा शासनाचा होय, आणि तो मागणे ही याचना नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. लहान मुलांतील व्यंगे लवकर ओळखण्यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग निर्माण केला. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात, अपंग अपत्याच्या मातेला संगोपनाची रजा नाकारणे हे नोकरीत स्त्रियांना समान वाव देण्याच्या राज्यघटनेच्या अपेक्षेस बाध आणणारे आहे, असे मत व्यक्त केले. परंतु रजा मिळते ती नोकरी असलेल्या स्त्रीस. फडातल्या व शेतातल्या मातेला रजा कोण देणार? तिच्यासाठी प्रमाणपत्राचे अर्ज भरून देणे, तपासणीच्या दिवशी सोबत जाणे, ग्रामसभेत तिचा विषय काढणे, हे काम गावातील शिकलेल्यांचे आहे. आश्रम-मंदिरांनाही यात करण्यासारखे आहे. पर्वकाळी जमणाऱ्या मंडळींत अशा मातेला मुलासह बसता येईल अशी जागा, मंदिराच्या पायरीशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतरण, आणि मूल मध्येच ओरडले तरी मागे वळून न पाहणारे श्रोते, एवढे झाले तरी वर्षानुवर्षे निरूपणाला मुकलेली एक श्रोती परत येईल.

अशा मातांच्या मनात एक चिंता सर्वांत खोल असते आणि ती उघड क्वचितच बोलली जाते. 'माझ्यामागे याचे कोण?' ही ती चिंता होय. अन्य माता आपल्या अपत्याला आपल्याहून अधिक आयुष्य मागतात. ही माता कधी कधी परमेश्वराजवळ असे मागते की, याला माझ्या एक दिवस आधी ने. या मागण्यात क्रौर्य नाही. आपल्यानंतर या जीवाला कोणी पाणी पाजणार नाही, असा तिला आलेला अनुभव त्यात बोलतो. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालक नेमण्याची तरतूद केली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती तो नेमते. ही तरतूद पुष्कळ मातांना ठाऊकही नसते. ती सांगणे अगत्याचे आहे. परंतु कागदावरचा पालक प्रत्यक्षात पालक होण्यासाठी आज, माता जिवंत असतानाच, त्या मुलाची ओळख असलेली, त्याला भरविता येणारी, त्याच्या हुंकाराचा अर्थ कळणारी आणखी दोन-चार माणसे घरात व गल्लीत तयार झाली पाहिजेत. ती माणसे तयार करणे हीच मातेची खरी सेवा होय. त्या माणसांमुळे तिला आज दुपारी घटकाभर पडता येईल, आणि ज्या मागण्याचा उच्चार ती देवापुढेही दबक्या स्वराने करते, ते मागण्याची वेळ तिच्यावर येणार नाही.